कुंभकोणम् येथील एक महिन्याचे बिऱ्हाड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत विषय कसा भारदस्त असावा अशी सर्वांची अपेक्षा असते. तंजावरचे मराठी राज्य, सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वराच्या मंदिरातील १८०३ सालचा भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख, असे विषय माझ्याही समोर होते. परंतु त्यांवर माझ्याहून अधिकारी माणसे बोलून गेली आहेत, आणि पुढेही बोलतील. मी केंद्र सरकारचा नोकर. उभा जन्म टिपणे लिहिण्यात गेला. तेव्हा आज एका अगदी लहान प्रकरणाचे टिपण आपल्यापुढे ठेवावे असे योजले आहे. वाईचे एक निवृत्त दांपत्य २०२२ च्या डिसेंबरात कुंभकोणम्‌ला गेले आणि तेथे महिनाभर राहिले, एवढेच हे प्रकरण आहे. हे दांपत्य म्हणजे माझे थोरले बंधू अण्णा आणि वहिनी. घरातल्या माणसांविषयी व्यासपीठावरून बोलू नये हा संकेत मला ठाऊक आहे. पण या प्रकरणात आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचा एक प्रश्न गुंतलेला आहे, म्हणून तो संकेत क्षणभर बाजूला ठेवतो.

आपण सारे नोकरीधंद्यानिमित्त घरापासून दूर आलेले लोक. दोन-तीन वर्षांनी आपल्याकडे आईवडील येतात, कुणाचे सासूसासरे येतात. त्यांचे येणे कसे असते ते आपण जाणतोच. पहिले चार दिवस उत्साहाचे. रविवारी गाडी करून श्रीरंगम् होते, तंजावर होते. सोमवारी घरातली माणसे कचेरीला जातात, मुले शाळेला जातात, आणि ती वृद्ध माणसे दुसऱ्या मजल्यावरच्या बंद दाराआड संध्याकाळची वाट पाहात बसतात. दार कोणी वाजवले तर उघडू नका, खाली एकटे उतरू नका, भाषा येत नाही, कोणी फसवील, अशा सूचना आपण प्रेमानेच देत असतो. स्वयंपाकघर सुनेचे, दूधवाला मुलाचा, औषधाच्या गोळ्या नातवाने काढून द्यायच्या. दोन वेळा उत्तम जेवण मिळते, पण दिवसभरात ‘हे तुम्हीच करायला हवे’ असे एकही काम वाट्याला येत नाही. मग पंधराव्या दिवशी गावाकडच्या पिंपळाची, शेजारच्या मांजराची, बँकेच्या पासबुकाची आठवण निघते आणि परतीचे तिकीट अलीकडे आणले जाते. यात दोष कुणाचाच नसतो. पाहुणचार मुळातच आठ दिवसांच्या बेताचा असतो. तो महिनाभर ताणला की पाहुण्यालाच त्याचे ओझे होते.

परमुलखात यात्रेकरू म्हणून जाता येते आणि पाहुणा म्हणूनही राहता येते. आपल्या भाषेत आणखी एक शब्द आहे, बिऱ्हाड. बिऱ्हाड म्हटले की त्यात चूल आली, कुलूपकिल्ली आली, महिन्याचे भाडे आले आणि शेजार आला. बिऱ्हाडकरू गावाचा मालक नसतो; पण तो कुणाचा पाहुणाही नसतो. अण्णा आणि वहिनी यांनी कुंभकोणम्‌ला बिऱ्हाड केले. मला वाटते, सारा फरक तेथे पडला.

अण्णा वाईच्या शाळेत चौतीस वर्षे गणित शिकवीत होते. २०११ साली निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसे बोलकी होतात असे म्हणतात. अण्णांचे उलट झाले. शिकवायचे नाही तर बोलायचे कशाला, अशा स्वभावाचे ते. वहिनी १९७६ साली चौदा माणसांच्या आमच्या घरात सून म्हणून आल्या. दीर-नणंदांची लग्ने झाली, सासूसासऱ्यांची आजारपणे झाली, आपला मुलगा मोठा होऊन दूर देशी गेला. या शेहेचाळीस वर्षांत घराच्या दाराला कुलूप लावून किल्ली आपल्या कनवटीला लावावी असा एक दिवस त्यांच्या वाट्याला आला नव्हता, कारण घरात कोणी ना कोणी असायचेच. २०१८ साली मुलाच्या आग्रहाखातर दोघे सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेले. बाहेर बर्फ आणि आत यंत्राची ऊब. तिसऱ्या महिन्यात परत आले. ‘सोन्याचा पिंजरा होता’ असे एखादे वाक्य त्यांनी उच्चारले असते तर मला बरे वाटले असते. अण्णा काहीच बोलले नाहीत, आणि वहिनी एवढेच म्हणाल्या, ‘तिथं मला कांदासुद्धा आणायला कुणी पाठवलं नाही.’

माझी नेमणूक तिरुचिरापल्लीस झाल्यावर मी त्यांना बोलावले, तेव्हा वहिनींनी फोनवर अट घातली. ‘भावोजी, तुमच्याकडे चार दिवस येऊ. पण राहायचं तर वेगळं राहू. स्वस्तातली एखादी खोली बघा.’ कुंभकोणम् हे नाव मात्र अण्णांनी काढले. जेथे रामानुजन् वाढले ते गाव मला पाहायचे आहे, असे ते म्हणाले. माझ्या कचेरीतील एका सहकाऱ्याचे वडिलोपार्जित घर सारंगपाणी मंदिराच्या परिसरात आहे. पुढच्या भागात त्याच्या नात्यातले एक कुटुंब राहते: आजी, मुलगा, सून आणि त्या वेळी दहावीत असलेली नात. मागची दोन दालने रिकामी होती. सहकारी भाडे घेईना, आणि भाडे घेतल्याखेरीज अण्णा राहीनात. अखेर तीन हजार रुपयांवर तडजोड झाली. अण्णांनी रीतसर पावती मागितली आणि ती वहीत जपून ठेवली. या पावतीला मी फार महत्त्व देतो.

१५ डिसेंबरला मी त्यांना तेथे पोहोचविले. दुसऱ्या दिवशी तमिळ लोकांचा मार्गळी महिना लागला. मार्गळी हा आपल्या काकड्याच्या दिवसांसारखा महिना. पहाटे चारपासून देवळे जागी होतात. आंडाळच्या ‘तिरुप्पावै’ या काव्यात तीस पद्ये आहेत आणि महिन्याचे दिवसही जवळजवळ तेवढेच. रोज एक पद्य म्हटले जाते. अंधार असतानाच बायका दारासमोर सडा घालून कोलम काढतात आणि शेणाच्या गोळ्यात खोचलेले भोपळ्याचे पिवळे फूल त्यावर ठेवतात. त्या घराला जुन्या चालीप्रमाणे रस्त्याकडेला तिण्णै, म्हणजे आपली ओसरी, आणि आत चौक. वाईच्या माणसाला त्या घराची मांडणी समजावून सांगावी लागली नाही.

तरी पहिले दहा दिवस कठीण गेले, हे सांगितलेच पाहिजे. ‘आम्ही गेलो आणि रमलो’ असे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. डास होते. पाणी ठराविक वेळी येई आणि ती वेळ कोणती हे कळायला चार दिवस गेले. रस्त्यावरची पाटी वाचता येत नाही ही गोष्ट अण्णांना फार लागली. ज्याने जन्मभर फळ्यावर लिहिले त्याला एकाएकी निरक्षर झाल्यासारखे वाटले. सकाळी ते तिण्णैवर बसत, इंग्रजी वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचीत आणि मग समोरच्या भिंतीकडे पाहात. सहाव्या दिवशी त्यांनी मला फोनवर परतीच्या गाड्यांच्या वेळा विचारल्या. मी वेळा सांगितल्या. वहिनींनी त्यांच्या हातून फोन घेतला आणि म्हणाल्या, ‘भाडं महिन्याचं दिलंय.’

वहिनींची वाट आधी मोकळी झाली, ती रांगोळीतून. त्यांनी वाईहून रांगोळीचा डबा नेला होता. पहिल्या पहाटे त्यांनी मागच्या दारी ठिपक्यांची रांगोळी काढली. पुढची आजी येऊन उभी राहिली आणि मान हलवून गेली. ती मान पसंतीची की नापसंतीची हे कळेना. दुसऱ्या दिवशी आजी तांदळाच्या पिठाची वाटी घेऊन आली. दगडाची भुकटी कशाला, मुंग्यांना खायला काय मिळणार, असे तिने खुणांनी विचारले. मग कोलमचे शिक्षण सुरू झाले. त्यात एक मौज आहे. आपल्याकडच्या रांगोळीत रेघ ठिपक्याला ठिपका जोडीत जाते. त्यांच्या एका प्रकारात रेघ ठिपक्याला शिवतच नाही. प्रत्येक ठिपक्याला वळसा घालून, सारे अंगण फिरून, निघाली तेथेच येऊन मिळते. वहिनींचा हात साठ वर्षांच्या सवयीने ठिपक्याकडे धावे आणि आजी ‘अय्यो’ म्हणून कपाळाला हात लावी. आठव्या दिवशी रेघ बिनचूक फिरून आली. त्या दिवशी त्यांनी मला आपण होऊन फोन केला. विषय फक्त कोलम हाच होता.

संबोधनांचा प्रश्न तर आपोआपच सुटला. ‘अण्णा’ हा शब्द तमिळमध्येही थोरल्या भावाचाच आहे. माझा फोन स्पीकरवर ऐकून सारी गल्ली त्यांना अण्णा म्हणू लागली. वहिनी ‘मामी’ झाल्या, आणि मामीही आपल्याला परकी नाही. बाजारात त्यांनी केळफूल ओळखले, शेवग्याच्या शेंगा ओळखल्या. पितळी पेल्याबरोबर येणाऱ्या खोलगट वाटीला तेथे ‘डबरा’ म्हणतात, तो आपल्या स्वयंपाकघरातला डबराच असे वहिनींचे ठाम मत झाले. या व्युत्पत्तीची जबाबदारी त्यांची. कॉफीचे मात्र त्यांना व्यसन लागले. कुंभकोणम्‌ची ‘डिग्री कॉफी’ म्हणजे पाणी न घातलेल्या ताज्या दुधातली, गाळणीतून थेंबथेंब उतरलेल्या अर्काची कॉफी. आमच्या घरात चहाखेरीज पेय नव्हते. त्या कॉफीसाठी अण्णा संध्याकाळी चालत कोपऱ्यावर जात, आणि कॉफीवाला त्यांना पाहताच साखर कमी घाली. परक्या गावात आपल्या साखरेचे प्रमाण कोणाला तरी ठाऊक असणे ही लहान गोष्ट नव्हे.

अण्णांची कोंडी फुटली ती २२ डिसेंबरला. रामानुजन् यांचा जन्म १८८७ साली याच तारखेला आजोळी ईरोडला झाला. पण त्यांचे बालपण आणि शिक्षण कुंभकोणम्‌चे. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचे त्यांचे घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. घर अगदी लहान. पुढे तिण्णै, आत एक खोली, मागे स्वयंपाकघर. वडील कापडदुकानात कारकून होते. गावातल्या टाऊन हायस्कूलमध्ये गणितात सर्वांच्या पुढे असलेला हा मुलगा १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून तेथल्याच सरकारी कॉलेजात गेला आणि गणितावाचून दुसऱ्या कशात लक्ष न घातल्यामुळे ती शिष्यवृत्ती घालवून बसला. ज्या कॉलेजाला लोक दक्षिणेचे केंब्रिज म्हणत त्याला तो पेलवला नाही, आणि पुढे खऱ्या केंब्रिजने त्याला बोलावून नेले. अण्णा त्या घरात तासभर उभे होते. पुढच्या घरची नात वाट दाखविण्यासाठी बरोबर गेली होती. परत आल्यावर अण्णांनी तिच्या वहीत एक चौकोन आखला. वरच्या ओळीत रामानुजन् यांची जन्मतारीख: २२, १२, १८, ८७. खालच्या बारा घरांपैकी पाच भरून दिली आणि उरलेली तिच्यावर सोपविली. आडवी, उभी, तिरपी, कशीही बेरीज करा, १३९ यावी. मुलीने रात्री साडेनऊला दार वाजवून वही दाखविली.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सहा ते साडेसात तिण्णैवर वर्ग भरू लागला. तिचे पुस्तक तमिळ, अण्णांचे इंग्रजी शाळामास्तरी, तिचे शाळकरी. पण आकडे दोघांचे एकच. ‘येथे काय राहिले?’ हे विचारायला पेन्सिलीचे टोक पुरे होते. आठवडाभरात वर्गात तीन मुले झाली, मग पाच. रस्त्याने जाणारे येणारे थांबून पाहात. अण्णांना मी निवृत्तीनंतर प्रथमच आवाज चढवून बोलताना ऐकले, तेही मराठीत: ‘अरे, चिन्ह बदल!’ आणि तो मुलगा चिन्ह बदलत होता.

आता थोडे इतिहासाविषयी. एवढ्या श्रोत्यांसमोर उभे राहून तंजावर प्रांताचा उल्लेख टाळणे मला जमणार नाही. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे तंजावरास आले आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य होते. कुंभकोणम् त्या राज्यातले मोठे गाव. अमरसिंहांना १७९८ साली गादीवरून दूर केल्यावर त्यांनी जवळच्याच तिरुविडैमरुदूर, म्हणजे मध्यार्जुन येथे वास्तव्य केले. तेथील मंदिरात भोसले घराण्याशी संबंधित एका स्त्रीची हाती दीप घेतलेली धातूची मूर्ती आहे. तिने लक्षदीपांचा नवस केला होता, तो फेडल्यावर स्वतःलाच दीपधारिणीच्या रूपाने देवापुढे उभे केले. कुंभकोणम्‌लाच १८२८ साली टी. माधवराव जन्मले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. कावेरीकाठच्या या मराठी घरातला माणूस १८७५ साली गायकवाडांच्या बडोद्यास गेला तेव्हा मराठ्यांच्या दरबारात तो ‘मद्रासकडचा’ ठरला असणार. कोण कोठे परका, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही.

त्या जुन्या मराठी मंडळींपैकी एक वृद्ध गृहस्थ अण्णांच्या वर्गाची वार्ता ऐकून भेटीस आले. त्यांच्या घरात नऊ-दहा पिढ्या मराठी बोलली जाते. शब्द बरेचसे आपले, वाक्याची चाल तमिळ. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. आईने सांगितलेले मराठी अभंग त्यांनी तमिळ लिपीत उतरवून ठेवले होते. त्यांची मुले चेन्नईत आणि परदेशांत. घरात मराठी बोलणारी शेवटची व्यक्ती म्हणजे त्यांची पत्नी, ती दोन वर्षांपूर्वी वारली. ते येत, अण्णांशी चार शब्द बोलत, आणि मग वहिनींना म्हणत, तुम्ही काहीही बोला, मी ऐकतो. वहिनी तांदूळ निवडीत वाईच्या घरच्या गोष्टी सांगत. कृष्णेला पूर आला म्हणजे घाटाच्या कितव्या पायरीला पाणी लागते, चुलतसासूबाई पुरणपोळीत जायफळ किती घालीत, असले काहीतरी. ते मान खाली घालून ऐकत आणि मध्येच एखादा शब्द ओठांत पुन्हा म्हणत. आपल्या मंडळाला पन्नास वर्षे झाली याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. पण त्या गृहस्थांच्या घराला साडेतीनशे वर्षे झाली होती, आणि तेथे बोलायला माणूस उरला नव्हता. वहिनींनी जाताना त्यांना आपला फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहून दिला. अजूनही दर रविवारी त्यांचा फोन वाईला येतो.

देवदर्शन झाले, पण ते जाता जाता झाले. यात्रेकरूसारखे एका दिवसात नऊ नवग्रहस्थाने करण्याचा अट्टाहास नव्हता. तिरुनागेश्वरम्‌जवळच्या उप्पिलियप्पन मंदिरात देवाला मीठ न घातलेला नैवेद्य लागतो. मार्कंडेयाची कन्या वयाने लहान, तिला मीठ घालून स्वयंपाक येत नाही, असे सांगून पित्याने विष्णूचे मागणे टाळू पाहिले; देव म्हणाला, मी अळणीच खाईन. अण्णांना रक्तदाबापायी मीठ वर्ज्य. ‘पथ्य पाळणारा एक तरी देव भेटला,’ असे म्हणून ते तेथे दोनदा गेले. सारंगपाणी तर घराशेजारीच. दारासुरम्‌ला गेले असता एका विणकराच्या घरी रेशमी लुगडी मोजताना ‘तीन, चार... सात, आठ’ असे ऐकू आले आणि वहिनी दचकल्या. ते सौराष्ट्री विणकर. शेकडो वर्षांपूर्वी उत्तरेकडून आलेले. आपली बोली घरात टिकवून राहिलेले. गोविंदपुरम्‌ला बोधेंद्र स्वामींच्या समाधीजवळ आता विठ्ठल-रखुमाईचे मोठे मंदिर झाले आहे. तमिळ मंडळी टाळ घेऊन मराठी अभंग म्हणताना पाहून अण्णा म्हणाले, यांचे उच्चार माझ्या दहावी ‘ब’च्या वर्गापेक्षा चांगले आहेत.

स्वामीमलैच्या मंदिराला साठ पायऱ्या आहेत, आणि प्रभव, विभव या साठ संवत्सरांची नावे त्यांना दिलेली आहेत. आपल्या पंचांगातलीच ही नावे आणि हाच क्रम. अण्णांचा जन्म १९५३ चा, म्हणून ते सत्ताविसाव्या पायरीवर, ‘विजय’ संवत्सरावर, थांबले. वहिनी १९५७ च्या. त्या चार पायऱ्या वर, ‘हेविलंबी’वर. मी त्या रविवारी बरोबर होतो. माझी पायरी एक्केचाळिसावी, ‘प्लवंग’. हे संवत्सर २०२७ मध्ये पुन्हा येते आणि त्याच वर्षी माझी नोकरी संपते. मी त्या पायरीवर थोडा वेळ उभा राहिलो, हे कबूल करायला हरकत नाही.

महामहम् तळ्यावर मात्र वहिनींना थांबवून धरावे लागले. गुरू सिंह राशीत आला म्हणजे नाशिकला सिंहस्थ भरतो, तसाच बारा वर्षांनी येथे माघ महिन्यात महामहम् भरतो. मागचा २०१६ च्या फेब्रुवारीत झाला, पुढचा २०२८ मध्ये आहे. त्या दिवशी भारतातल्या नद्या या तळ्यात येतात अशी श्रद्धा. काठावरच्या काशी विश्वनाथाच्या मंदिरात नऊ नद्यांच्या स्त्रीरूप मूर्ती ओळीने उभ्या आहेत. पुजारी नावे सांगत होता: गंगा, यमुना... आणि मध्येच ‘कृष्णा’ म्हणाला. वाईला घाटाघाटांवर कृष्णाबाईचा उत्सव होतो. त्या उत्सवात वहिनींनी चाळीस वर्षे ओट्या भरल्या आहेत. त्यांनी पिशवीतून नारळ काढला. खण नव्हता, म्हणून डोक्यावरचा गजरा सोडून ठेवला. पुजाऱ्याने कोठून आलात असे विचारले, तेव्हा त्यांनी मूर्तीकडे बोट दाखविले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अण्णांना ताप आला. ही गोष्ट मला तीन दिवसांनी, ताप उतरल्यावर कळली. शेजारच्या मुलाने डॉक्टरकडे नेले, आजीने मिरीचे रसम् पाठविले, वर्गातल्या मुलांनी आळीपाळीने औषधे आणली. मी वहिनींना जरा रागानेच विचारले, मला का कळविले नाही? मी नव्वद-पंचाण्णव किलोमीटरांवर होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘कळवण्यासारखं काही नव्हतं, भावोजी. इथं माणसं होती.’ मला हे उत्तर आवडले नाही. पुष्कळ दिवस ते डोक्यात राहिले. आपल्या माणसांना आपल्यावाचून चालते हे पाहणे अवघड असते. पण त्यांचे बरे चालले आहे याचा याहून मोठा पुरावा मला मागता आला नसता.

१४ जानेवारीला भोगी. हे नावही दोहोंकडे सारखे. तेथे भोगीला पहाटे घरातल्या जुन्या टाकाऊ वस्तू जाळतात. आपल्याकडे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. दुसऱ्या दिवशी अंगणात हळदीचे रोप बांधलेल्या मडक्यात पोंगल उतू गेला आणि सर्वांनी ‘पोंगलो पोंगल’ म्हणून आरोळी दिली. वहिनींनी तिळगूळ केला होता. आजीच्या हातावर ठेवू लागल्या तर तिने हात मागे घेतला. तिकडे तीळ शनीचा आणि पितरांचा; हातून हाती घेण्यास जुन्या बायका बिचकतात. क्षणभर दोघी अवघडल्या. मग आजीने आतून तबक आणले, त्यात ठेवायला सांगितले आणि तबकातून उचलून खाल्ला. वहिनींनी ‘गोड बोला’ म्हटले. नातीने अर्थ विचारून तो आजीला सांगितला. आजी खळखळून हसली आणि तिने जे विचारले त्याचे नातीने भाषांतर केले: ‘बोलू, पण कोणत्या भाषेत?’

१७ तारखेला मी त्यांना आणायला गेलो. वहिनींनी दाराला कुलूप लावले, ओढून पाहिले, आणि किल्ली लगेच हवाली न करता स्टेशनापर्यंत स्वतःजवळ ठेवली. गाडी हलल्यावर खिडकीतून माझ्या हातात दिली.

त्यानंतर मुलाचा परदेशातून पुन्हा आग्रह झाला. या वेळी अण्णांनी त्याला स्वतः पत्र लिहिले. त्याची प्रत मला पाठविली आहे. पत्रात तीन अटी आहेत. तुझ्या घराजवळ चालत जाण्याच्या अंतरावर खोली बघ, भाडे आम्ही देऊ. कांदा-बटाटा कोठे मिळतो ते पहिल्या दिवशी दाखव आणि नंतर आणून देऊ नकोस. आणि तुझ्या आळीत गणित कच्चे असलेले एखादे पोर आहे का, याची चौकशी करून ठेव. मुलाचे उत्तर आले, खोली महाग आहे, पण तो शोधतो आहे.

आता कामाची गोष्ट. कुंभकोणम्‌ची ती मागची दोन दालने सध्या पुन्हा रिकामी आहेत. मंडळातील ज्या कोणाचे आईवडील येणार असतील त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावे. मी सहकाऱ्याशी बोलून देईन. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तिकडे पाऊस असतो, तेव्हा मार्गळीच्या सुमारास जाणे चांगले. मच्छरदाणी बरोबर न्यावी. पाणी पहाटे साडेपाचला येते. भाड्याची पावती अवश्य मागून घ्यावी. ज्वारीचे पीठ वाईहून न्यायची गरज नव्हती असे वहिनींनी मुद्दाम सांगायला सांगितले आहे. ज्वारीला तिकडे ‘चोळम्’ म्हणतात, बाजरीला ‘कंबु’, आणि दोन्ही बाजारात मिळतात. दळून मात्र समोर उभे राहून घ्यावे लागते.